नजरअंदाज

७ सप्टेंबर २००८

कोहळं बरोबर सव्वादोन किलो भरलं. हे तसंच म्हणाले होते. भाजीवाल्याने तराजू रिकामा करून पुन्हा लावला, यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोहळं पिशवीत घातलं. घरी येईपर्यंत यांची चाल अशी, की वाटावं ते यांनीच पिकवलं आहे.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण अंगातलं तलाठीपण काही जात नाही. भाताच्या बांधावर उभं राहायचं आणि नुसतं पाहून सांगायचं, यंदा पीक किती येईल. सरकारी कागदात याला 'नजरअंदाज पैसेवारी' म्हणतात. पुढे कापणी होते, मोजणी होते, ते वेगळं. यांचा नजरअंदाज आणि मोजणी यांत फारसा फरक पडत नसे, हे आमगावकडच्या लोकांना अजून आठवतं. नोकरीत त्याचं कौतुक झालं, घरात मात्र उपद्रव. पाहुणे किती येणार, भात किती टाकायचा, माझा राग कधी उतरणार — सगळं नजरअंदाजानं!

एक बदल मात्र झालाय. पूर्वी लांबून पाहूनच वजन सांगायचे. आता हातात घेतात, तोलतात, टिचकी मारतात, मग सांगतात. मी म्हटलं, "काऊन, नजरेवर भरोसा नाई राह्यला का?"

"मॅडम, सरकारी भात उचलून पाह्यता येत नव्हता. कोहळं आपल्या पैशाचं हाये."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून मी मॅडम. लग्न झाल्यापासून. नावाने हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

१३ सप्टेंबर

घरात सून असणं म्हणजे घरात आवाज असणं. रचनाच्या पैंजणांमुळे ती कुठे आहे ते विचारावं लागत नाही. न्हाणीकडे छुमछुम, अंगणात छुमछुम. ओसरीवर वाजलं की हे लगेच म्हणतात, "रचना, बेटा, बस." मग दोघांच्या गप्पा. हिची अर्धी हिंदी, यांची सगळी झाडीबोली. कोणाला काय कळतं देव जाणे, पण हसतात दोघंही.

ती राजनांदगावची. शिक्षण सगळं हिंदीत. मे महिन्यात लग्न झालं. फेब्रुवारीत आम्ही तिला पाहायला गेलो होतो तेव्हा यांनी तिला इतके प्रश्न विचारले की तिच्या बाबांना घाम फुटला. काय शिकली, मैत्रिणी कोण, डोंगरगडनंतर कोणकोणती स्टेशनं लागतात, रागावली की काय करते. मी कोपराने ढोसत होते — नोकरीची मुलाखत आहे का? पण यांचं सुरूच. परतताना गाडीत विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "पाह्यताच समजलं."

आमचा रत्नपाल मात्र तिथे एक शब्द बोलला नव्हता. पोहे खात बसला.

१६ सप्टेंबर

संध्याकाळी लाईट गेली. लोडशेडिंगची वेळही नव्हती. मला उंबरठ्याची ठेच लागली, रचना मेणबत्ती शोधत राहिली आणि यांनी अंधारात उठून माठातलं पाणी घेतलं, प्यायले, पेला पालथा घातला. काहीच आपटलं नाही. उजेड काय, अंधार काय, यांना सारखंच. मी कौतुक केलं तर गप्प बसले. एरवी कौतुक सोडणारा माणूस नव्हे हा.

२१ सप्टेंबर

शालीकराम आले होते. यांच्या हाताखाली कोतवाल होते, आता दोस्त. रचनाने भरल्या वांग्याची भाजी केली होती. शालीकरामभाऊंनी दोनदा मागून घेतली. त्यावर हे फुलून म्हणाले, "आमच्या रचनाचं काही मोजमाप नसते बाप्पा! मीठ नजरअंदाज, तिखट नजरअंदाज. पोरगीच नजरअंदाज हाये आपली!"

यांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. रचना तेव्हाच पोळी घेऊन आली होती. एकदम मान खाली गेली तिची, पोळी वाढली आणि आत गेली. मला वाटलं, लाजली.

२२ सप्टेंबर

रचना आज चमच्याने मोजून मीठ घालत होती. वरण अळणी झालं. मी ताटांत वरून मीठ वाढलं.

२४ सप्टेंबर

रचनाच्या एका पैंजणाची कडी तुटली. दोन्ही काढून डब्यात ठेवली तिने. सोनाराकडे न्यायचं काम रत्नपालकडे दिलंय, म्हणजे दिवाळीपर्यंत तरी विसरायला हरकत नाही.

२ ऑक्टोबर

यांना काय झालंय कळत नाही. रचनाशी बोलणं बंद! आठवडा झाला. ती ओसरीवर येते, हे गल्लीकडे तोंड करून बसलेले. ती उभी राहते, हे ढिम्म. आज तिने चहा आणला, यांच्यापुढे धरून उभी राहिली. यांनी मान वळवली नाही. ती तशीच परत गेली. कप ओट्यावर ठेवून त्यावर बशी झाकली.

मी तडक बाहेर गेले. "पोरीनं चहा धरला होता. घ्यायला काय झालं?"

"कवा?"

"आत्ता! माझ्यासमोर."

"ध्यान नव्हतं."

माझा इतका संताप झाला की मी रात्री भाजीत तिखट जास्त टाकलं. मुद्दाम. तेही निमूट खाल्लं.

६ ऑक्टोबर

ऐकायचं नव्हतं, पण कानावर पडलं. रचना मागच्या अंगणात फोनवर आईशी बोलत होती. "माँ, बाबूजी मुझे नजरअंदाज करते हैं. मेहमान के सामने बोल भी दिया — हमारी बहू नजरअंदाज है."

मी मराठीची शिक्षिका, आणि मला हे कळायला शाळेत पोचेपर्यंत वेळ लागला. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं! असून नसल्यासारखं धरणं. म्हणजे त्या दिवशी सासऱ्याने पाहुण्यासमोर डंका पिटला की आमची सून दुर्लक्ष करण्याच्या लायकीची आहे. वर्गात मला एकटीलाच हसू फुटलं. पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मग हसू गेलं. बिचारी पंधरा दिवस हे उरात घेऊन पोळ्या लाटत होती!

संध्याकाळी तिला जवळ बसवलं. सगळं सांगितलं — बांध, भात, पैसेवारी. नजरेने बांधलेला अंदाज तो नजरअंदाज. मराठीत त्यात कमीपणा नाही, उलट कसब आहे.

"मतलब तारीफ थी?"

"तारीफच होती गं."

ती हसली. पण अर्धीच. मग हळूच म्हणाली, "मम्मीजी, शब्द का मतलब बदल सकता है. पर चाय तो दोनों भाषा में ठंडी हुई ना?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

९ ऑक्टोबर

डोक्यातून शब्द जाईना म्हणून काल सातवीला तोच धडा. फळ्यावर लिहिलं — अंदाज, अटकळ, आडाखा, ठोकताळा, तर्क. फरक सांगा. शेवटी एक मुलगी उठली, "मॅडम, तर्क लढवतेत, अटकळ बांधतेत, आडाखे मांडतेत. अंदाज आपोआप येते."

मी तिला पूर्ण गुण दिले. मग ठोकताळा उरला. तो कसा असतो? अनुभवाने पाठ झालेला. आभाळ असं दिसलं की पाऊस, कुत्रं तसं भुंकलं की पोस्टमन. माझे नवऱ्याबद्दलचे सगळे ठोकताळे असेच. गप्प बसला म्हणजे रुसला. रुसला म्हणजे दोन दिवसांत उतरेल. एकही लागू पडत नाहीये.

१४ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. आणि आजच हे व्हायचं होतं.

विहाराच्या दाराशी आम्ही बायका पांढऱ्या साड्यांत उभ्या. रचनाच्या हातात फुलांचं ताट, येणाऱ्याला फूल द्यायचं काम तिचं. हे आले. ती पुढे झाली, फूल धरलं, काही बोलली नाही. हे थांबले. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, ताई."

ताई! स्वतःच्या सुनेला!

आणि आत निघून गेले. मागच्या बायकांत खसखस पिकली. एक म्हणाली, "काऊन वो, सासरा वळखत नाई का तुले?" रचनाने ताट माझ्या हातात दिलं. सगळी वंदना होईस्तोवर ती चपलांजवळ उभी होती. बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून मी नवऱ्यावर दात-ओठ खात होते, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

१५ ऑक्टोबर

रत्नपाल म्हणाला, "आई, गोंदियात एक खोली पाहिली आहे. दिवाळीनंतर जाऊ म्हणतो. शोरूमला रोज जाणं-येणं जमून नाई राह्यलं."

आमच्या कुडव्याहून गोंदिया! गाडीचा तिसरा गिअर पडेपर्यंत पोचतो हा. खरं कारण मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं. आत रचना कपड्यांच्या घड्या घालत होती, पुन्हा मोडून पुन्हा घालत होती. मला ती पोर आवडते. नुसती सून म्हणून नाही. तिच्या येण्याने या घराला पुन्हा बोलता यायला लागलं होतं. ती गेली की आम्ही दोघं, आणि भिंतीवर माझ्या सासूबाईंचा फोटो. संपलं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. पोरं हायेत."

"तुमच्यामुळे जाऊन राहिलीत ती!"

यांनी तोंड फिरवलं.

१९ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

रविवार. रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवते. वर्ष झालं असेल. छपाई बिघडली म्हणतात, आणि म्हणतात तुझ्या आवाजात बातमी खरी वाटते. मी या कौतुकावर वर्षभर भाळून होते! आज रागात पेपर त्यांच्या मांडीवर टाकला — वाचा स्वतःच. स्वयंपाकघरातून ऐकलं तर हे खरंच मोठ्याने वाचत होते. "धानाची आवक वाढली... शेतकरी खूश..." मी पोळ्या झाकून बाहेर आले. पेपर यांच्या हातात तसाच होता. त्या पानावर बातमीच नव्हती. पानभर साड्यांची जाहिरात होती.

मी दारात तशीच उभी राहिले. कोहळं आठवलं. अंधारातला माठ. थंड झालेला चहा. पांढऱ्या साड्या.

यांना चाहूल लागली असावी. पेपर खाली घेतला. माझ्याकडे, अगदी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि हळू आवाजात विचारलं, "रचना का?"

मी एक पाऊल पुढे आले.

"बस ना, बेटा. तुह्या पायातलं पैंजण काऊन वाजत नाई आताशा? कवा येतेस, कवा जातेस, मले समजतच नाई."

मी खाली बसले आणि यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. केसांवरून हात फिरवला तेव्हा यांना कळलं ही कोण आहे. तेही रडले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२० ऑक्टोबर

यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. साखरेने डोळ्याचा पडदा खराब झालाय. गेल्या वर्षी डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोंदियाला जा, उशीर करू नका. हे गेले नाहीत. बाजूबाजूचं अंधुक दिसतं, समोर मधोमध डाग. माणूस आहे एवढं कळतं, तोंड कळत नाही. आम्हाला आवाजावरून, चालीवरून ओळखतात. रचनाला पैंजणावरून ओळखत होते.

"सांगितलं काऊन नाही?"

"ज्याच्या नजरेवर सरकारनं कागद रंगवले, त्यानं सांगावं का, मले दिसत नाई म्हणून? अन् पोराचं लगन व्हायचं होतं. आंधळ्याच्या घरी कोण पोरगी देते?"

"पण मला? मला तरी?"

"तुले सांगतलं असतं तर तू पेपर वाचताना रडली असतीस."

मी खूप भांडले. इतकं की शेजारीण भिंतीवरून डोकावली. एक वर्ष फुकट घालवलं यांनी, त्या मूर्ख अभिमानापायी! आणि मी, रोज त्या तोंडाकडे पाहणारी, मलाही दिसलं नाही. आता यांना कोण काय म्हणणार. रागवत होते आणि हात सोडत नव्हते, असं झालं.

"सूनबाईले नको सांगू," म्हणाले.

मी लगेच जाऊन सांगितलं.

रचना ऐकत राहिली. मग उठली, डबा काढला, तुटक्या पैंजणाला सेफ्टी पिन लावली आणि दोन्ही पायांत घातली. ओसरीवर गेली. छुम, छुम.

यांची मान झटकन वळली. "रचना, बेटा, बस."

ती बसली. मी आतच राहिले. रत्नपाल शोरूममधून आला तेव्हा ती तिथेच होती, आणि चहा दोनदा झालेला होता.

२४ ऑक्टोबर

गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. गेलं ते परत यायचं नाही. लेसर करून उरलं ते राखता येईल, साखर ताब्यात ठेवली तर. हे डॉक्टरांना विचारतात, "उरलं ते अंदाजे किती?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. परतताना यांचा हात धरला तर भर रस्त्यात सोडवून घेतला, लोक पाहतात म्हणून. मी पुन्हा धरला.

रात्री जेवताना मी रत्नपालला विचारलं, "खोलीचं काय?"

त्याच्याआधी रचनाच बोलली. "कौनसी खोली? मम्मीजी, उस बात को नजरअंदाज करो ना."

त्या शब्दाचा हिंदी अर्थ मला पहिल्यांदा आवडला.

३० ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीतही मला पेपर वाचायला मिळत नाही. ते काम रचनाने घेतलंय. 'जिल्हाधिकारी' म्हणताना तिची गाडी रुळावरून उतरते. ळ तर येतच नाही. "कोहळं म्हण," हे म्हणतात. "कोहलं." "कोहळं!" "कोहलं, बाबूजी." आज शेवटी ळ निघाला तर दोघांनी मला अंगणातून ऐकायला बोलावलं. मराठी मी शिकवते, सातवीला पास मी करते, आणि माझ्या घरात विद्यार्थिनी मिळाली यांना!

सोनाराकडून पैंजण आलं. रत्नपालला कोणी आठवण करून दिली नव्हती. रचना म्हणाली, कडीबरोबर जास्त वाजणारे घुंगरूही बसवून मागितले.

९ नोव्हेंबर

चहा पिता पिता हे म्हणाले, "बेटा, एक गोष्ट राह्यली सांगाची. तुले पाह्याले आलो होतो ना, तवाबी मले तुहं तोंड दिसलं नव्हतं. निस्तं बोलणं आयकलं अन् हो म्हटलं."

माझा कप तोंडाशीच राहिला. पाह्यताच समजलं म्हणे!

रचनाने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "मतलब मीच नजरअंदाज निघाली. मग सांगा, बाबूजी, मी कशी दिसते?"

यांनी डोळे मिटून घेतले. "उंच. नाक लांब, सरळ. केस कंबरेवरी. अन् हनुवटीवर गोंदण असन, हिरवं."

रचना माझ्या खांद्याला लागत नाही. नाक बसकं, केस मानेपर्यंत. गोंदण कुठून असणार. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं — कुसुमबाई, यांची आई.

"बराबर हाये का?"

"एकदम बराबर, बाबूजी."

मी मोजणीला गेले नाही.